चवथीचे पाच दिवस: पावसाळ्यात उभ्या असलेल्या हॉर्स ट्रेलरची राखण

परिस्थिती अशी धरू. बार्देश तालुक्यात, म्हापशापासून थोडे आत, चिऱ्यांच्या गडग्याने (जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीने) वेढलेले एक भाट, म्हणजे माडांची बाग, आहे. माड, दोन जुने आंबे, पुढे घर, मागे दोन घोड्यांचा तबेला. ऑक्टोबर ते मे दोन घोडे नेणारा, गाडीमागे जोडायचा, दोन आसांचा ट्रेलर आठवड्यातून एकदोनदा बाहेर पडतो. मेअखेर घोडे देशावर पोचवले जातात, ट्रेलर रिकामा परत येतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत माडांच्या रांगेत उभा राहतो. मालक पुण्याला. भाटात एक राखणदार राहतो, तो सत्तरीचा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तो गावी जातो आणि पाच दिवसांनी परततो.

ट्रेलरच्या संरक्षणाला सध्या तीन गोष्टी आहेत. कपलिंगच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या तोंडाच्या, मुठीत अडकवलेले पितळी कुलूप, ज्याची कडी ८ मिलिमीटरची आहे. गेटला साखळी. आणि वरून निळी ताडपत्री. चौथी गोष्ट म्हणजे समजूत: एवढे धूड कोण नेणार, आणि गोव्यात घोड्यांचा ट्रेलर विकणार तरी कुणाला?

समजुतीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण ती दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर साधारण ९०० ते १००० किलोचा असतो. सपाट जागेवर तीन माणसे तो ढकलू शकतात, आणि पिकअपला तर त्याचे ओझे जाणवतही नाही. विक्रीसाठी गिऱ्हाईक घोडेवाला असण्याचीही गरज नाही. उंच छत, मागे रॅम्प, आत मोकळी जागा. एका बाजूला खिडकी कापली, रंग बदलला, आत ओटा बसवला की खाद्यपदार्थ विकायची गाडी तयार होते. किनारपट्टीवर अशा गाड्यांना मागणी आहे. युरोपात तर घोडे नेणाऱ्या जुन्या गाड्यांचे (हॉर्स बॉक्सचे) फिरते बार आणि कॉफीगाडे करण्याचा मोठा धंदाच आहे. म्हणजे चोरलेला ट्रेलर पुन्हा ट्रेलर म्हणून दिसेलच असे नाही.

इंजिन असलेल्या हॉर्स बॉक्सला इग्निशन असते, स्टिअरिंग लॉक असतो, बहुधा इमोबिलायझरही (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असतो. ट्रेलरला यातले काहीच नाही. जो जोडेल त्याच्या मागे तो निघाला.

चोराच्या बाजूने पाहिले तर

गेटची साखळी तोडायला बोल्ट कटर लागतो आणि काही सेकंद. बरेचदा तेही लागत नाही. दोन्ही बिजागऱ्यांच्या खुंट्या वरच्या दिशेने असतील तर पहारीने गेट उचलले की ते कुलपासकट बाजूला होते. ८ मिमीची कडी कटरच्या एका दाबात जाते. जॉकी व्हील (पुढचे टेकूचे लहान चाक) जागेवर असेल तर ड्रॉबार (ट्रेलरचा पुढचा ओढदांडा) उचलायचेही कष्ट नाहीत. पिकअप मागे घ्यायची, तिच्या मागच्या ५० मिमीच्या गोळ्यावर (बॉलवर) कपलिंग टेकवायचे आणि निघायचे. सगळे मिळून पाच मिनिटे.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कपलिंगला उत्तम कुलूप असले तरी ट्रेलर ओढता येतो. ड्रॉबार पिकअपच्या हौद्यात टेकवून साखळीने आवळला की सावकाश काही किलोमीटर जाता येते. दुसरी वाट म्हणजे कपलिंग हेडच सोडवायचे. ते ड्रॉबारला साधारणपणे दोन आडव्या बोल्टांनी धरलेले असते. दोन पाने (स्पॅनर) आणि सोबत आणलेले दुसरे हेड, एवढ्यावर कुलपाचा प्रश्नच मिटतो. म्हणून फक्त कपलिंगचे कुलूप ही अर्धी राखण आहे.

पुढचा हिशोब अंतराचा. म्हापशाहून पत्रादेवीची सीमा तासाभराच्या आत येते. दोडामार्ग, केरीवरून चोर्ला घाट, मोल्यावरून अनमोड घाट, दक्षिणेला पोळे या वाटाही काही तासांच्याच आहेत. ३७०२ चौरस किलोमीटरच्या राज्यात सीमा कुठूनच लांब नाही. राखणदार चवथीला गेला त्या रात्री ट्रेलर गेला आणि तो पाच दिवसांनी परतल्यावर कळले, तर त्या पाच दिवसांत छताचा रंग वाळलेला असेल.

या प्रकरणातला खरा दोष इथे आहे. कुलूप कमजोर आहे हे खरेच, पण चोरी झाल्यापासून ती कळेपर्यंत जाणारा वेळ त्याहून जास्त घातक आहे. कुठलेही कुलूप चोराला काही मिनिटेच अडवते. त्या मिनिटांत कुणाला तरी कळले तरच त्यांचा उपयोग. पुढचा सगळा आराखडा या दोन घड्याळांभोवती आहे: चोराला लागणारा वेळ वाढवायचा आणि आपल्याला कळायचा वेळ कमी करायचा.

जागा

ट्रेलर आता माडांखाली आहे. तिथून तो काढलाच पाहिजे. नारळ पडून फायबरचे छत फुटते हे एक. दुसरे म्हणजे ड्रॉबार गेटकडे तोंड करून आहे, चोराला वळवावेही लागणार नाही. योग्य जागा घराच्या मागच्या भिंतीशी: ड्रॉबार भिंतीकडे, रॅम्प बाहेरच्या बाजूला, आणि रॅम्पच्या मागे भाटातला जुना ट्रॅक्टर किंवा न चालणारी जीप आडवी. बाहेर काढायला दोन वाहने हलवावी लागली की पाच मिनिटांचे काम अर्ध्या तासाचे होते.

झाडाला साखळी बांधण्याचा मोह टाळावा. माड करवतीने जातो. आंबा टिकेल, पण वादळात फांदी नेमकी ट्रेलरवरच येते.

गेटच्या बाबतीत एकच काम, पण ते आधी. वरच्या बिजागरीची खुंटी उलटी, म्हणजे खाली तोंड करून वेल्ड करायची. एक खुंटी वर, एक खाली असली की गेट उचलून निघत नाही.

लोखंड

कपलिंगसाठी कडीचे कुलूप न वापरता पोलादी पेटीसारखे हिच लॉक घ्यावे, जे पूर्ण हेड झाकते आणि बोल्टांची डोकीही आत घेते. बॉलच्या पोकळीत खालून गोळा घुसवणारा नमुना मिळाला तर जास्त चांगला, कारण मग पोकळीत दुसरा बॉल जाऊच शकत नाही. जॉकी व्हील काढून घरात ठेवायचे. ड्रॉबार लाकडी ठोकळ्यावर टेकवायचा.

मग चाके. दोन आसांच्या ट्रेलरला एकाच चाकावर क्लँप (चाक जखडणारे कुलूप) लावणे जवळजवळ निरुपयोगी आहे. चोर ते चाक काढून बाजूला ठेवतो आणि उरलेल्या तिघांवर ट्रेलर नेतो. क्लँप असा हवा की त्याची थाळी चाकाचे नट झाकेल. त्याशिवाय एका बाजूच्या दोन्ही चाकांच्या छिद्रांतून साखळी ओवून ती जमिनीतल्या अँकरला, म्हणजे पुरलेल्या कडीला, बांधायची.

साखळी १६ मिमीची, हार्डन (उष्णता देऊन कठीण) केलेली, चौकोनी किंवा षटकोनी छेदाची. १३ मिमीची मोठ्या कटरने तुटू शकते, १६ मिमीच्या पुढे हाती चालवायचा बोल्ट कटर हरतो. साखळी खरीच हार्डन आहे का, हे दुकानातच कानस घासून पाहावे. कानस घसरली तर हार्डन, चावली तर साधे लोखंड. १६ मिमीच्या साखळीचे वजन मीटरला सुमारे ५.७ किलो भरते. इथे अडीच मीटर लागते, म्हणजे १४ किलोची साखळी. कुलूप झाकलेल्या कडीचे घ्यावे आणि कडी किमान १२ मिमीची. युरोपीय बनावटीच्या मालावर ईएन १२३२० या कुलपांच्या मानकाची श्रेणी १ ते ६ लिहिलेली असते. उघड्यावरच्या ट्रेलरला ४ च्या खालची घेऊ नये. १४ किलोच्या साखळीला हलके कुलूप लावले तर चोर साखळीला हातच लावत नाही.

आणि अँकर. गोव्यात इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. गडगा मजबूत दिसतो म्हणून लोक चिऱ्यात एक्स्पान्शन बोल्ट ठोकून त्याला कडी बसवतात. जांभा सच्छिद्र असतो. बोल्ट फुगला की भोकाच्या कडा भुगा होऊन निघतात, आणि पावसाळ्यात भिजलेल्या चिऱ्यातून असा बोल्ट पहारीच्या एका हिसक्यात तांबड्या भुकटीसकट बाहेर येतो. भिंतीवर भरवसा ठेवू नये. अँकर जमिनीत, काँक्रीटमध्येच हवा.

खड्डा ६० × ६० × ६० सेंटिमीटर, तळाशी चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त रुंद कोरलेला, म्हणजे ठोकळा वर उपटला जात नाही. काँक्रीट १:१.५:३. सरळ खड्ड्याला पावणेदोन पोती सिमेंट, ९० लिटर वाळू आणि १८० लिटर २० मिमी खडी लागते. कोरलेल्या तळासाठी थोडे जास्त धरावे. तयार ठोकळा ५०० किलोच्या वर जातो. तयार हार्डन अँकर मिळाला तर तोच बसवावा. नसेल तर २५ मिमीच्या सळईचा यू, पाय ४५ सेंटिमीटर, टोके बाहेर वाकवलेली, आणि पायांवरून एक आडवी सळई. साखळी जेमतेम जाईल एवढाच फासा वर ठेवायचा. ठोकळ्याचा माथा जमिनीपेक्षा पाच-सात सेंटिमीटर उंच आणि उतरता ठेवावा, नाहीतर जून ते सप्टेंबर कुलूप पाण्याच्या डबक्यात राहील. काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायचे आणि गोणपाट ओले ठेवून किमान सात दिवस, जमल्यास दहा, पाणी मारायचे. जूनच्या पहिल्या सरीत ओतलेल्या काँक्रीटमधले सिमेंट धुऊन जाते आणि वर नुसती खडी उरते.

अँकरची जागा ट्रेलरच्या पोटाखाली, दोन चाकांच्या मधोमध आणि आतल्या अंगाला असावी. ट्रेलर त्यावर उभा करून साखळी ताणून घ्यायची, ढील ठेवायची नाही. साखळी जमिनीवर लोळत असली की कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून त्यावर पूर्ण अंगभार घालता येतो, घणही मारता येतो. ताठ साखळीजवळ जायला चोराला चिखलात पोटावर झोपावे लागते, आणि तिथे ग्राइंडर धरायला नीट जागा नसते.

ग्राइंडरबद्दल भ्रम नको. बॅटरीवरचा चार इंची ग्राइंडर १६ मिमीची कडी कापतोच. कडी जाड असल्याने वाकवून उघडत नाही, दोन ठिकाणी कापावी लागते, एवढाच फायदा. एरवी त्याचा आवाज आणि ठिणग्या शेजाऱ्याला उठवतात. पण तबेल्याच्या पत्र्यावर जुलैचा पाऊस कोसळत असताना दहा पावलांवरचे बोलणे ऐकू येत नाही, ग्राइंडर कुठला ऐकू येणार? वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, आणि तोही बहुतेक याच चार महिन्यांत, आवाजावर विसंबलेली राखण कोरड्या महिन्यांपुरतीच असते. साध्या भोंग्याचा अलार्म इथे म्हणूनच सुचवलेला नाही.

खारी हवा

समुद्रापासून चारपाच किलोमीटरवरही हार्डन पोलाद दोन महिन्यांत तांबडे पडते. मालक सप्टेंबरात किल्ली फिरवतो, ती फिरत नाही, ग्राइंडर मागवावा लागतो, आणि पुढच्या वर्षी कंटाळून पितळी कुलूप लावले जाते. कारण सोपे आहे: कुलपात खोबरेल किंवा इंजिन ऑइल घातलेले असते. तेल धूळ धरते, दमट हवेत त्याचा चिकटा होतो आणि पिना अडकतात. किल्लीच्या भोकात सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचा कोरडा फवारा मारावा. कडीवर आणि साखळीवर ग्रीस चालते. भोक खाली तोंड करून टांगायचे, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधायचा. आणि दर रविवारी राखणदाराने प्रत्येक कुलूप उघडून पुन्हा लावायचे. पूर्ण स्टेनलेसची बोटीवरची कुलपे गंजत नाहीत, पण बहुतेक नमुने मऊ असतात, ती इथे दुय्यम जागीच वापरावीत.

हँडब्रेक ओढून ठेवू नये. चार महिन्यांत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी उटी लावावी. ताडपत्री काढूनच टाकावी. तिच्याखाली लाकडी फळ्यांना बुरशी येते, आणि चोर आडोशाला बसून निवांत काम करतो. वर ताडपत्री जशीच्या तशी दिसते म्हणून कुलूप तुटलेले कळतही नाही. छप्पर हवेच असेल तर चारी बाजूंनी उघडी पत्र्याची पडवी पुरे.

खबर

ट्रेलरच्या वायरिंगला वीज फक्त गाडी जोडल्यावर मिळते. म्हणून ट्रॅकर स्वतःच्या बॅटरीचा हवा. सतत जागा राहून सरासरी ५० मिलिअँपिअर खाणारा ट्रॅकर १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर आठच दिवस चालतो. ट्रॅकर हालचाल झाली की जागा होणारा आणि दिवसातून दोनदाच खबर देणारा लावला तर कित्येक आठवडे निघतात. आयपी ६७ (धूळ आणि पाणी आत न जाण्याचा) दर्जा पाहून घ्यावा. जागा फायबरच्या छताच्या आतल्या बाजूला, कारण फायबरमधून सिग्नल जातो, ॲल्युमिनिअमच्या पत्र्यामागे तो गुदमरतो. जमले तर दोन लावावेत. एक चोराला सापडेल असा, दुसरा खोल. पहिला काढून फेकला की चोराचा शोध तिथेच थांबतो. सिमकार्डची मुदत सप्टेंबरच्या पुढे आहे ना, हे मेमध्येच तपासावे. चोर्ला आणि अनमोड घाटांत नेटवर्क तुटक मिळते, म्हणून ट्रेलर घाटाला लागण्यापूर्वी फोन व्हायला हवा. तो फोन पुण्याच्या मालकाबरोबर गावातल्या एका माणसाकडेही जावा, जो दहा मिनिटांत गेटवर पोचू शकेल.

कॅमेरा गेटवर, नंबरप्लेटच्या उंचीला. पावसाळ्यात वीज जाते, वीज गेली की वायफाय जातो, म्हणून कॅमेरा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. दुसरी अडचण कोळ्यांची. रात्री इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे येतात, त्यांच्यामागे कोळी जाळे विणतो, आणि फोनवर रात्रभर खोट्या सूचना येत राहतात. चौथ्या रात्री माणूस सूचना बंद करून झोपतो. दर दोन दिवसांनी झाडूने जाळे काढणे हेही कुलपाइतकेच राखणीचे काम आहे.

पण रोजची खरी नजर माणसाचीच. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की राखणदार पाव घ्यायला गेटवर येतोच. त्याच वेळी मागे फेरी मारून ट्रेलर, क्लँप आणि साखळी एका फोटोत येतील असा फोटो मालकाला पाठवायचा. फोटो आला नाही तर साडेआठला मालकाने फोन करायचा. यात कळायचा वेळ जास्तीत जास्त एका रात्रीचा उरतो.

चवथीचे पाच दिवस मात्र आधीच ठरवावे लागतात. त्या दिवसांत अख्खा वाडा आपापल्या मूळ घरी असतो, शेजारीही. हिंदू राखणदार गावी गेल्यावर फोटोचे काम ख्रिस्ती शेजाऱ्याने करावे आणि नाताळात त्याचे घर याने पाहावे, ही गोव्यातली जुनी देवघेव आहे. ती गृहीत न धरता पंधरा दिवस आधी बोलून पक्की करावी. ट्रेलर कुठे आहे आणि घर कधी रिकामे आहे, हे चवथीच्या फोटोंसह समाजमाध्यमावर टाकू नये.

ओळख आणि कागद

मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतः मोटार वाहन आहे. ओढणाऱ्या गाडीची नोंदणी त्याला पुरत नाही. स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेल्या, चॅसिस नंबर नसलेल्या ट्रेलरचा मालक चोरीनंतर मालकी सिद्ध करता करता दमतो. बोटींच्या ट्रेलरची तर हीच रड आहे.

नंबरप्लेट काढून टाकता येते. म्हणून नोंदणी क्रमांक ८ मिमीच्या पंचने तीन ठिकाणी ठोकावा: ड्रॉबारच्या खालच्या अंगाला, मागच्या आसाच्या ब्रॅकेटवर आणि आतल्या दुभाजकाच्या खांबावर. वर झिंकचा रंग द्यावा, अक्षरे बुजत नाहीत आणि गंजतही नाहीत. छतावर ३० सेंटिमीटर उंचीच्या आकड्यांत तोच क्रमांक. आसावरची पाटी, टायरवरचे चार आकडी आठवडा-वर्ष, एखादा जुना पोचा, सगळ्यांचे फोटो मोबाइलशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवावेत. खिडकी कापून रंग बदललेला ट्रेलर आपलाच आहे हे शेवटी आसाची पाटी आणि तो पोचाच सांगतात.

विमा बहुधा फक्त थर्ड पार्टीचा असतो, त्यात चोरी येत नाही. आणि “चार महिने उभाच तर आहे” म्हणून नूतनीकरण ऑक्टोबरवर ढकलले जाते, नेमक्या धोक्याच्या काळात ट्रेलर उघडा पडतो. भरपाई आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या वाहनाच्या किमतीवर, मिळते. ट्रेलर दोन वर्षांहून जुना पण तीनच्या आतला असेल तर त्यातून ३० टक्के घसारा वजा झालेला असतो, चारहून जुना पण पाचच्या आतला असेल तर ५० टक्के.

गेलाच तर

पहिला फोन ११२ ला: नोंदणी क्रमांक, रंग, छतावरचे आकडे, ट्रॅकरचे शेवटचे ठिकाण, आणि सीमेवरच्या पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे या नाक्यांना कळवण्याची विनंती. ट्रॅकर बिंदू दाखवतो म्हणून स्वतः पाठलाग करू नये. पोलिसांना चालू नकाशा द्यावा. मग ठाण्यात एफआयआर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरी कलम ३०३ मध्ये येते, माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या साधनाची चोरी कलम ३०५ मध्ये, जिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. तक्रारीत ट्रेलर कशासाठी वापरला जातो हे स्पष्ट लिहावे. मालक पुण्यात असेल तर इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती देता येते, पण तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते.

विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. एफआयआर लगेच केली असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिरापायी खरा दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. तरी त्यावर विसंबून थांबू नये. पुढे तपास न लागल्याचा पोलिसांचा अहवाल, आरटीओला दिलेले पत्र आणि सगळ्या मूळ किल्ल्या मागितल्या जातात. किल्ल्यांचे दोन जुडगे असावेत, एक राखणदाराकडे, एक पुण्यात, आणि तबेल्यातल्या खिळ्यावर एकही नाही.

ऑक्टोबरात ट्रेलर पुन्हा निघतो तेव्हा कुलपांचा क्रम उलटा होतो. पहिल्या फेरीआधी रबरी मॅट उचलून फळ्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहाव्यात, टोक आत गेले तर घोडा चढवू नये. चाकांची बेअरिंगे आणि ब्रेक पाहून घ्यावेत. क्लँप आणि साखळी काढल्यावर ट्रेलर हाताने एक चक्कर पुढेमागे हलवावा, विसरलेले दुसरे कुलूप असेल तर ते इथेच कळते. आणि घोडा आत असताना रॅम्पला किंवा पुढच्या दाराला कुलूप लावू नये. वाटेत अपघात झाला, आग लागली, तर किल्ली शोधायला वेळ नसतो. थांब्यावर चोरीची भीती असेल तर जोडलेल्या कपलिंगच्या मुठीला पिन-लॉक लावावा आणि एक माणूस ट्रेलरपाशी उभा ठेवावा.